पानगळीच्या सहलीत पूल दाखवणाऱ्या मराठी मंडळांना खुलं पत्र

सन्माननीय पदाधिकारी आणि सहल समितीतल्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर लागला की अमेरिकेच्या ईशान्येकडल्या न्यू इंग्लंडच्या पानगळीच्या सहलींची पत्रकं फोनवर येऊ लागतात. सकाळी निघताना बटाटेवडे, बसमध्ये अंताक्षरी, सफरचंदाची बाग, मेपल सिरपचं दुकान, आणि मग एक ठरलेली ओळ: ‘कव्हर्ड ब्रिज, फोटोसाठी २० मिनिटं’. कव्हर्ड ब्रिज म्हणजे छपराचा लाकडी पूल. पण तो कोणता, कुठल्या गावचा, खालून कोणता ओढा जातो, यातलं काहीच पत्रकात नसतं. सफरचंदाच्या बागेचं नाव असतं, तिचा पत्ता असतो, तिकिटाचा दरही असतो. पूल मात्र बिननावाचा. मला या एका ओळीबद्दल लिहायचं आहे.

मी कनेक्टिकट नदीच्या काठी, न्यू हॅम्पशायरच्या बाजूला राहतो. आमच्या टापूत कॉर्निश नावाचं गाव आहे, वस्ती जेमतेम सोळाशेची. या एका गावाच्या वाट्याला छपराचे चार लाकडी पूल आले आहेत आणि चारही पुलांना जेम्स टास्कर या गावातल्याच सुताराचा हात लागलेला आहे. टास्करला लिहिता-वाचता येत नव्हतं असं सांगतात. त्याने क्लेअरमाँटच्या बेला फ्लेचरबरोबर १८६६ साली कनेक्टिकट नदीवर ४४९ फुटांचा कॉर्निश-विंडसर पूल उभा केला. खर्च ९,००० डॉलर. त्या जागचे आधीचे तीन पूल नदीने नेले होते. हा चौथा अजून उभा आहे आणि त्यावरून आजही गाड्या जातात. ‘घोडा चालीच्या वेगाने न्या, नाहीतर दोन डॉलर दंड’ अशी पाटी त्याच्या तोंडावर आहे. पुलावर १९४३ पर्यंत टोल होता. गंमत म्हणजे दोन राज्यांची हद्द नदीच्या मधोमध नसून पलीकडच्या व्हरमाँट राज्याच्या काठाशी आहे, त्यामुळे जवळजवळ सगळा पूल न्यू हॅम्पशायरचा, आणि दुरुस्तीची कटकटही त्यांचीच!

तुमच्या बसमधल्या ज्यांनी कुणी या भागात पूल पाहिला असेल, त्यांनी बहुधा हाच पाहिला असेल. माझं पत्र मात्र त्याच्या धाकट्या भावंडाबद्दल आहे.

कॉर्निशमधून मिल ब्रूक नावाचा ओढा वाहतो. त्यावर टास्करने १८८१ साली ९१ फुटांचा एक पूल बांधला. जवळ लोहाराचं दुकान होतं म्हणून त्याला ब्लॅकस्मिथ शॉप ब्रिज म्हणतात. पुढच्या वर्षी त्याच ओढ्यावर त्याने डिंगलटन हिलचा पूल बांधला, तो ८१२ डॉलरांत. लोहाराच्या पुलाला ८७३ डॉलर लागले होते. लोहाराच्या पुलापलीकडे एकच कुटुंब राहत होतं. त्या एका कुटुंबाला गावात येता यावं म्हणून हा पूल झाला. शेतकऱ्यांच्या एवढ्याशा गावाने १८८१ साली हा खर्च केला. कुणी ‘एका घरासाठी कशाला?’ असं म्हटलंही असेल. पण पूल झाला. आज त्यावरून गाड्या जात नाहीत, फक्त पायी जाता येतं.

आता त्याचं छप्पर. सहलीत हमखास सांगितलं जातं की बर्फ पुलावर साचू नये म्हणून छप्पर घातलं. ऐकायला पटतं, पण हिवाळ्यात इथे घसरगाड्या चालत आणि त्यांना बर्फच लागे. पुलात छपरामुळे बर्फ पडत नसे, म्हणून माणसं लावून बाहेरचा बर्फ फावड्याने आत पसरावा लागे. घोडे नदी बघून बुजू नयेत म्हणून भिंती, प्रेमी जीवांना आडोसा म्हणून छप्पर, या सगळ्या नंतर सुचलेल्या कथा. खरं कारण सुताराला विचारा. पुलाचं वजन रस्त्याच्या फळ्या पेलत नाहीत. ते दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या लाकडी कैच्या पेलतात. कौलारू घराच्या छपरात असते तशीच ही कैची, फक्त लांबच लांब. मधोमध एक उभा खांब, त्याच्या दोन्ही अंगांना आणखी उभे खांब ओळीने, आणि प्रत्येक खणात एक तिरका वासा, वरचं टोक मधल्या खांबाकडे कललेलं. गाडी आली की तिरक्या वाशांवर दाब येतो, उभ्या खांबांवर ताण येतो, आणि भार खणाखणाने सरकत काठावरच्या दगडी बांधावर उतरतो. हे सगळं सांध्यांवर अवलंबून आहे. पाणी शिरतं ते नेमकं सांध्यात, कारण तिथे लाकूड आडवं कापलेलं असतं आणि कापलेलं टोक पाणी शोषून घेतं.

लाकडात ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर त्याला कुजवणारी बुरशी धरत नाही. उघड्या लाकडी पुलाचं आयुष्य पंधरा-वीस वर्षांचं. त्याच पुलावर पाखी चढवल्या आणि बाजूंना फळ्या मारल्या की तो शंभरी सहज ओलांडतो. फिलाडेल्फियात टिमथी पामरने स्कूलकिल नदीवर १८०५ साली बांधून पुरा केलेला पूल हा अमेरिकेतला पहिला छपराचा पूल मानतात. छप्पर घालण्याची सूचना न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांची. पैसा घालून बांधलेला पूल कुजू द्यायचा नाही, एवढा साधा व्यापारी हिशेब होता त्यांचा.

हे इतकं लांबण लावून सांगतोय कारण देखभालीचं सगळं शास्त्र यातूनच निघतं, आणि ते अतिशय कंटाळवाणं आहे. मोठी दुरुस्ती बातमीत येते. लोहाराचा पूल आणि डिंगलटन हिलचा पूल १९८३ साली मिल्टन ग्रेटन आणि त्यांच्या मुलांनी दुरुस्त केले. ग्रेटन हे जुन्या पद्धतीने, शक्यतो लाकडाच्या जागी लाकूडच घालून काम करणारं घराणं, आमच्या राज्यात त्यांच्याबद्दल आदराने बोलतात. कॉर्निश-विंडसर पूल तर दोन वर्षं बंद ठेवून १९८९ मध्ये पुन्हा उघडला, सुमारे साडेचव्वेचाळीस लाख डॉलर लागले. त्यात खालची मोठी आडवी लाकडं काढून फळ्यांचे थर चिकटवून केलेल्या तुळया घातल्या. यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर त्यात वावगं काही झालं नाही, कारण भार अजून लाकडाची कैचीच पेलते. मला खटकतं ते दुसरंच: रस्त्याखाली गुपचूप पोलादी तुळया सारायच्या आणि वरची कैची नुसती शोभेला ठेवायची. व्हरमाँटमधल्या क्वीचीचा पूल हा तर त्याच्याही पुढचा प्रकार. पोलादी पूल, वर लाकडी छप्पर, बांधला १९७० साली. कित्येक सहलींत तोच ‘जुना पूल’ म्हणून दाखवतात. शेजारी काचेच्या भांड्यांचं दुकान आहे, बस उभी करायला जागा आहे, तेव्हा तुमचीही सोय समजू शकतो. पण माहिती तरी खरी सांगा.

तर कंटाळवाणी देखभाल. गाड्यांच्या आणि माणसांच्या पायांबरोबर रेती, माती, पानं पुलात येतात आणि फळ्यांच्या फटीतून खालच्या आडव्या लाकडांवर साचतात. ती माती ओल धरून ठेवते, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठही तीत येतं. वर्षातून एकदा झाडू, खुरपणी आणि बादली घेऊन ती काढली नाही, तर वर कितीही चांगलं छप्पर असो, लाकूड खालून जातं. पूल जिथे दगडी बांधावर टेकतो तिथलं बसकणीचं लाकूड सर्वात आधी कुजतं, म्हणून तिथे वारा खेळता ठेवावा लागतो, वाढलेली झुडपं कापावी लागतात. छपराचा एखादा पत्रा वाऱ्याने उचकटला तर त्याच आठवड्यात बसवावा लागतो. बाजूची फळी निघाली तर आधी फळी, मग रंग. कोकणात पाऊस यायच्या आत घर शाकारून घेतात ना, तशीच ही कामं. केली तर कुणाला दिसत नाहीत, आणि एक-दोन वर्षं चुकवली तरी लगेच काही होत नाही, म्हणूनच ती टाळली जातात.

यासाठी पैसे कोण देतं? इथे मंडळांतल्या बऱ्याच मंडळींचा गैरसमज आहे. ‘आपण पर्यटक, आपण खर्च करतो, गावाला मिळतोच की’. न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नाही. म्हणून तर परतताना सगळे मॉलमध्ये थांबतात. पगारावर राज्याचा आयकरही नाही. गावाचा कारभार मुख्यतः घर-जमिनीच्या करावर चालतो आणि तो गावातल्या लोकांनी भरायचा असतो. हॉटेल आणि जेवणावर ८.५ टक्के कर आहे खरा, पण तो राज्याकडे जातो, गावांना त्यातला वाटा मिळतो तो वस्तीच्या प्रमाणात. वडे घरून आणले, रात्री परत घरी गेलात, तर त्या पुलासाठी तुमच्याकडून एक सेंटही पोहोचत नाही. मोठ्या कामासाठी राज्याची पूल-मदत योजना आहे: ८० टक्के राज्य, २० टक्के गाव. रांग लांब असते. छपराच्या जुन्या पुलांसाठी केंद्राचाही एक खास निधी होता. व्हरमाँटचे सिनेटर जिम जेफर्ड्स यांच्या पुढाकाराने तो १९९८ साली सुरू झाला, २०१२ नंतर तो आटला. दर मार्चमध्ये गावसभा भरते. शाळेचं छप्पर, बर्फ काढायचा ट्रक, अग्निशमन दलाचे बूट आणि पूल, सगळं एकाच हिशेबात बसवायचं असतं. लोक हात वर करून मत देतात. गाडी जात नाही अशा पुलासाठी पैसे मागणाऱ्या माणसाला तिथे काय काय ऐकावं लागत असेल याची कल्पना, मंडळाच्या सर्वसाधारण सभेत हॉलच्या भाड्यावरून झालेला वाद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सहज येईल.

आता थोडं कडू.

एका पुलात, नाव सांगत नाही, मी तुळईवर देवनागरीत कोरलेली दोन नावं पाहिली, मधे बदाम. इंग्रजी नावं तर शेकड्याने असतात, तेव्हा आपणच तेवढे वाईट असं मुळीच नाही. पण त्या दोन नावांनी मला जेवढी लाज आणली तेवढी बाकीच्यांनी नाही आणली. दुसऱ्या एका ठिकाणी लग्नाआधीचं फोटोशूट चालू होतं, नऊवारी, नथ, सगळं थाटात, आणि फोटोग्राफरने पुलाच्या आत फुलबाज्या पेटवायला दिल्या. ठिणग्या फार सुंदर दिसतात हे मान्य. पण दीडशे वर्षं छपराखाली वाळत पडलेलं लाकूड आहे ते. १९९३ सालच्या मार्च ते मे या तीन महिन्यांत न्यू हॅम्पशायरने आगीत तीन जुने पूल गमावले: स्वॉन्झीचा स्लेट पूल, प्लिमथचा स्मिथ पूल आणि न्यूपोर्टचा कॉर्बिन पूल. कॉर्बिन पूल अर्नल्ड ग्रेटन यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा बांधला आणि बैलांकरवी ओढून नदीवर बसवला. बाकीच्या दोन गावांना नव्या पुलासाठी २००१ पर्यंत थांबावं लागलं. कॉर्बिनची आग लावलेली होती. फुलबाजीवाल्याच्या मनात तसं काही नव्हतं, हे लाकडाला कसं कळणार?

आणि भाड्याचे ट्रक. मुलांचं सामान कॉलेजात पोहोचवायला जाताना फोनवरचा नकाशा सांगेल त्या रस्त्याने निघणारे आपल्यात पुष्कळ आहेत. नकाशाला छपराची उंची ठाऊक असेलच असं नाही. पुलाच्या तोंडावर उंचीची आणि वजनाची पाटी असते, ती वाचा. ट्रकचं टपरं पहिल्या आडव्या तुळईला लागलं की तुळईबरोबर छपराचे वासेही निखळतात, आणि त्या मापाचं, वाळवलेलं लाकूड वखारीत तयार मिळत नाही.

व्हरमाँटमधलं पॉम्फ्रेट गाव आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या एका खासगी शेताचे फोटो इन्स्टाग्रामवर गाजले. लोक बंद फाटकावरून आत शिरू लागले, रस्त्यात गाड्या लावून कपडे बदलू लागले. शेवटी गावाने २०२३ च्या पानगळीत, २३ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, क्लाउडलँड रोड बाहेरच्यांसाठी बंद केला. आमच्याकडच्या पुलांवर ती वेळ आलेली नाही. येऊ नये, असं मला मनापासून वाटतं, कारण पूल कुणी पाहूच नये असं म्हणणारा मी नाही. पुलाला माणसं लागतात. कुणी येतच नसेल तर गावसभेत त्याच्या बाजूने बोलणारेही कमी होतात.

सहलीच्या पैशांतून थोडे या पुलांसाठी बाजूला काढावेत, ही कल्पना मी ओळखीच्या एका सहल समितीपुढे मांडली तेव्हा एका काकूंनी सरळ विचारलं, “आपण यांच्या पुलाला पैसे कशाला द्यायचे? आमच्या गावी पोरं अजून साकवावरून ओढा ओलांडून शाळेत जातात.” प्रश्न रास्त आहे. साकवासाठी जरूर द्या, मीही देईन. पण साकवाला निधी देणं हे जिल्हा परिषदेचं काम आहे, आणि त्यासाठी तिच्यामागे लागायला तिथले मतदार आहेत. इथल्या पुलाचे आपण दरवर्षी शेकड्याने फोटो काढतो, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर टाकतो, मंडळाच्या कॅलेंडरवर छापतो, आणि त्या गावच्या खात्यात मात्र आपल्या नावाची काही नोंद नाही. काकूंना हे पूर्ण पटलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, “बघू.” मी ते होकारात धरलंय.

तर मागणं असं. यंदाच्या पत्रकात पुलाचं नाव, गाव आणि साल छापा. बस मोठ्या रस्त्यावर उभी करा. गावातले आतले रस्ते अरुंद आहेत, काही मातीचे आहेत, आणि भरलेली कोच बस तिथे वळतच नाही. लहान गाड्या करून किंवा चालत जा. मिल ब्रूकच्या पुलाकडे वीस-पंचवीस जणांहून जास्त एका वेळी नेऊ नका, पलीकडे लोक राहतात. पुलात आग नको, फुलबाजी नको, रंगीत धुराची नळकांडी नकोत. ड्रोन उडवण्याआधी शेजाऱ्याला विचारा. आणि वीस मिनिटांऐवजी एक तास द्या: मुलांना आत नेऊन कैचीतले तिरके वासे कोणत्या बाजूला कलतात ते दाखवा, ‘मधे ते दिशा का बदलतात?’ असं विचारा. आपल्या बसमध्ये इंजिनिअरांचा तुटवडा असल्याचं माझ्या तरी कधी पाहण्यात नाही, त्यांना बोलू द्या.

प्रत्येक तिकिटामागे दोन डॉलर बाजूला काढा. घोडा धावडवला तर तेवढाच दंड होता. ५० जणांच्या बसमागे १०० डॉलर होतात, त्यात पत्र्याचे खिळे आणि रंगाचे एक-दोन डबे येतात. हे पैसे परस्पर कुणाच्या हातात देऊ नका, मलाही नको. ज्या गावचा पूल पाहिलात त्या गावच्या कचेरीला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र लिहा, तिथले सिलेक्टबोर्डवाले, म्हणजे गावकारभारी, कोणत्या नावाने चेक पाठवायचा ते कळवतील. कुणाला याहून मोठं काही करायचं असेल तर छपराच्या पुलांच्या जतनासाठीची राष्ट्रीय संस्था १९५० पासून काम करते आहे, तिची वर्गणी भरता येते.

आणि ज्यांना फोटोपेक्षा कामात रस आहे त्यांच्यासाठी: बर्फ वितळून चिखल वाळला की मेच्या सुमाराला पुलांची साफसफाई करायला काही गावं स्वयंसेवक बोलावतात. पानं नसतात, रंग नसतात, डासांसारख्या काळ्या माश्या मात्र असतात. लांब बाह्यांचा सदरा घाला. जेवणाची व्यवस्था गाव करतं, पण मागच्या वेळी मी नेलेल्या शिरा-पुरीपुढे त्यांची सँडविचं तशीच राहिली होती, तेव्हा येणाऱ्यांनी एखादा डबा आणला तर हरकत नाही.

पत्रकं छापायला जायच्या आधी या पत्रावर समितीत चर्चा व्हावी. ज्या मंडळांना कॉर्निशच्या वाटेने यायचं असेल त्यांना रस्ता दाखवायला, बस कुठे लावायची ते सांगायला मी हजर राहीन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
कनेक्टिकट नदीकाठचा एक मराठी रहिवासी